टाकीवर कोणता बोर्ड बसवायचा?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मळ्यातल्या टाकीत पाणी किती आहे ते आजीला घरबसल्या कळावं, हा तुझा प्रोजेक्ट मला मनापासून आवडला. उनो, पिको डब्ल्यू आणि ईएसपी३२ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांच्या वेगाचा, म्हणजे मेगाहर्ट्‌झचा तक्ता पाठवलास, तोही बरोबर आहे: १६, १३३, २४०. पण पंधरा मिनिटांतून एकदा सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायला १६सुद्धा पुष्कळ झाले. बोर्ड बसणार कुठे आणि चालणार कशावर, हे आधी बघायचं. टाकीपाशी वीज नाही, म्हणजे सगळं गणित बॅटरीचं.

उनोला वायफाय नाही, त्यामुळे तो बाद. टेबलावर सेन्सर तपासायला मात्र तोच वापर. पिको डब्ल्यूचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, लिथियमचा एक सेल थेट जोडता येतो. हे मला फार आवडतं. पण झोपेत त्याची चिप ईएसपी३२इतकी कमी वीज घेत नाही, आणि तुझा बोर्ड तर दिवसभर झोपलेलाच असणार.

म्हणून माझं मत ईएसपी३२ला. डीप स्लीपमध्ये, म्हणजे दोन मोजण्यांमधल्या गाढ झोपेत, ही चिप जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते. मात्र हा आकडा नुसत्या चिपचा आहे! पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या बोर्डावर यूएसबीची चिप असते, लाल एलईडी असतो आणि बहुधा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. तो रेग्युलेटर एकटाच पाचेक मिलिअँपिअर खातो. सगळं मिळून १० मिलिअँपिअर धरले, तर २५०० मिलिअँपिअर-अवरचा सेल दहा दिवसांत संपला. शिवाय त्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवरून ३.३ नीट मिळतच नाहीत. त्यापेक्षा ईएसपी३२चं नुसतं मॉड्यूल (यूएसबी, एलईडी वगैरे नसलेलं) घे आणि कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आउटपुटपेक्षा थोडंच जास्त व्होल्टेज लागणारा, किमान ५०० मिलिअँपिअर देणारा रेग्युलेटर लाव. वायफाय सुरू होताना करंट एकदम उसळतो. दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागं राहायचं, तेव्हा सरासरी १२० मिलिअँपिअर, असं धरलं तर कागदावर तोच सेल पाच महिने पुरतो. सेन्सर आणि त्याच्यासाठी सेलचं व्होल्टेज ५पर्यंत वाढवणारं बूस्ट मॉड्यूलही झोपेच्या वेळी बंद ठेवायचं, नाहीतर हे गणित कोसळेल.

आता जोडणी. अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) त्याच्या एको पिनवर ५ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ची पिन ३.३ची आहे, थेट जोडलीस तर चिप जाईल. मध्ये १ किलोओहम आणि ग्राउंडकडे २ किलोओहमचा रेझिस्टर लाव, ३.३ मिळतील. बॅटरीचं व्होल्टेजही असंच विभागून ३४ नंबरच्या पिनवर वाच. ती एडीसी-१ची (व्होल्टेज मोजणाऱ्या पहिल्या भागाची) पिन आहे; एडीसी-२च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, त्यात मुलांचे दिवस जातात. टाकीतल्या वाफेत साधा सेन्सर गंजतो, वॉटरप्रूफच घे.

खरेदीआधी एक काम कर. रविवारी मळ्यात जाशील तेव्हा टाकीच्या झाकणापाशी फोन धर आणि घरच्या राउटरचा सिग्नल किती येतो ते मला कळव. तो तिथवर पोचत नसेल तर वायफायचा नाद सोडून लोराचं (कमी विजेत लांबवर रेडिओने माहिती पाठवणारं) मॉड्यूल बघावं लागेल, आणि मग कोणता बोर्ड हे पुन्हा पहिल्यापासून ठरवू.

तुझा,
बाबा