मानेच्या सुरकुत्या आणि लिंबाचा रस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत गेल्या महिन्यात मानेच्या सुरकुत्यांवरील घरगुती उपाय छापून आले होते. लिंबाची फोड साखरेत बुडवून मानेवर चोळावी, हा त्यांतला एक. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून मी नेमके हेच केले होते आणि मान नीट न धुता दुपारी स्कूटरवरून बाजारात गेले होते. दुसऱ्या दिवशी मान चुरचुरू लागली, तिसऱ्या दिवशी बारीक फोड आले आणि रस जिथून ओघळला होता तिथे गळ्याच्या हाडापर्यंत उमटलेले तपकिरी ओघळ पुढचे चार महिने गेले नाहीत. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, असलेल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते, हे मला त्वचारोगतज्ज्ञांकडून तेव्हा कळले. हा उपाय आपल्या अंकात पुन्हा वाचला, म्हणून हे पत्र.

मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ असते आणि तिच्यात तेलग्रंथीही कमी असतात, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. वाढत्या वयात आणि रजोनिवृत्तीनंतर तर अधिकच वेगाने, त्वचेला घट्ट धरणारे कोलॅजेन घटते. पण त्याहून मोठे नुकसान वर्षानुवर्षे अंगावर घेतलेल्या उन्हाने होते. याचा पुरावा ज्याच्या त्याच्या आरशात आहे. हनुवटी वर करून पाहिले, तर तिच्या सावलीत राहिलेला भाग उजळ व तुकतुकीत दिसतो आणि ब्लाउजच्या गळ्यावरचा उघडा भाग तांबूस, खरखरीत. धूम्रपान आणि झपाट्याने उतरलेले वजन हीदेखील कारणे आहेत. मोबाइलवर मान घालून बसल्याने आडव्या वळ्या पडतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. सतत मान वाकवल्याने असलेली घडी खोल होत असेलही, परंतु या आडव्या रेषा कित्येकांना लहानपणापासूनच असतात, म्हणून विशीतल्या मुलींनी त्यांची धास्ती घेऊ नये.

उपायांत सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन. आपण ते हनुवटीपाशी थांबवतो. ते मानेवर, मानेच्या मागे आणि गळ्याखालीही लावावे, उन्हात असू तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे आणि वर पदर किंवा ओढणी घ्यावी. रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीच्या औषधांच्या मलमांनी बारीक सुरकुत्या कमी होतात, मात्र त्याला काही महिने लागतात. मानेची त्वचा लगेच सोलवटते म्हणून ते एक-दोन रात्रींआड, अगदी थोडे लावावे लागते आणि गरोदरपणात मुळीच चालत नाही. गळ्यावर उभ्या ताणलेल्या पट्ट्या त्वचेखालच्या स्नायूच्या असतात. बोटॉक्सच्या इंजेक्शनाने त्या तीन-चार महिने सैलावतात. आडव्या रेषांना त्याचा फारसा उपयोग नाही. लेझरचा गुण येतो, पण आपल्या सावळ्या वर्णावर त्याने काळे डाग पडण्याचा धोका असल्याने ते पार्लरमध्ये करून घेण्याचे काम नव्हे. फार लोंबलेल्या कातडीला शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही.

एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून विशेष बोचते. मानेच्या घड्यांत काळसर, मखमलीसारखा जाड थर दिसला की त्याला मळ समजून मुलींची मान घासणीने घासली जाते. अनेकदा तो मळही नसतो आणि सुरकुतीही नसते. वाढलेल्या वजनाबरोबर शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते. अशा मुलीला दटावण्याऐवजी तिच्या रक्तातील साखर तपासून घ्यायला हवी.

त्याच पानावर सात दिवसांत मान तरुण करण्याची हमी देणारी क्रीमची जाहिरातही होती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचक जाहिरातीकडे संशयाने पाहतो, पण पुरवणीतल्या सल्ल्यावर विश्वास ठेवतो. म्हणून असा मजकूर छापण्यापूर्वी तो एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या नजरेखालून घालावा आणि लिंबाच्या उपायाबाबतची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, उन्हाळा सुरू होण्याआधी प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा