रिपोर्ट नॉर्मल, तरी कळ खरी

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोटात कळा येतात, पण सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून रूमवरचे मित्र म्हणाले, "मग सगळं तुझ्या मनात आहे." ते मनाला लावून घेऊ नकोस. सोनोग्राफीत खडे दिसतात, सूज दिसते. आतड्याच्या नसा किती हळव्या झाल्यात, हे तिच्यात दिसायची सोयच नाही.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं असतं. तिथून मेंदूकडे जाणारी मोठी वाट म्हणजे व्हेगस नस. तिचे सुमारे ८० टक्के तंतू पोटाचे निरोप वर नेतात, उरलेले मेंदूचे खाली आणतात. परीक्षा जवळ आली की मेंदूत सीआरएफ नावाचं द्रव्य वाढतं. त्यानं जठर रेंगाळतं आणि मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणून दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी संडासला पळावं लागतं. भीतीनं पोटात गोळा येतो असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, ते शब्दशः खरं आहे.

आता कळ का येते ते नीट समजून घे. आतडं कापलं तर फारसं दुखत नाही, ताणलं की दुखतं. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्यात फुगा सारून तो ६० मिलीपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएस (तपासण्या नॉर्मल असूनही पोट दुखतं आणि शौचाची घडी बिघडते तो आजार) असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, ताण तोच. फरक नसांच्या हळवेपणाचा. मनावरचा ताण हाच हळवेपणा वाढवतो. नसांजवळच्या मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या पेशी) हिस्टामीन नावाचं नसांना चेतवणारं द्रव्य सोडतात आणि इतरांना जाणवणारही नाही एवढा गॅस तुला कळ देऊन जातो. मग वर्गात बसल्या बसल्या तुझं सगळं लक्ष पोटाकडे लागतं, त्यानं कळ आणखी तीव्र वाटते.

हा ताण उतरावा म्हणून श्वासाचा व्यायाम रोज कर, दुखत नसेल तेव्हाही. एक हात बेंबीवर ठेव. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सकाळ-रात्र दहा-दहा मिनिटं. हात वर यायला हवा, छाती नव्हे. जोर लावून भराभर श्वास घेतलास तर चक्कर येईल. फरक पडायला काही आठवडे लागतात, तोवर सोडू नकोस.

नाश्ता टाळून क्लासला पळू नकोस. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, ती वेळ खोलीवरच मिळू दे. संडासला बसताना पायांखाली छोटा पाट घे, दहा मिनिटांत ऊठ, मोबाइल बाहेर ठेव.

इसबगोल एक चहाचा चमचा, पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच पी. आठवड्यानं वाढव. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतलेस तर गॅसनंच हैराण होशील. गव्हाचा कोंडा नको, त्यानं पोट आणखी फुगतं. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांवर जाऊ नकोस. मेसमधले राजमा, छोले आणि कच्चा कांदा महिनाभर बंद ठेव, मग एकेक परत खाऊन बघ. सगळंच कायमचं सोडणं चूक. जेवण उगाच तुटपुंजं होतं. आणि पोटदुखीवर ब्रुफेन अजिबात नको, ती जठराच्या अस्तरालाच इजा करते.

शौचात रक्त, वजन घटणं, ताप, हिमोग्लोबिन कमी येणं किंवा रात्री दुखण्यानं जाग येणं, यातलं एकही दिसलं तर परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी तपासणी) करावं का, हेही विचार.

डॉक्टरांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली, तर "ही डिप्रेशनची गोळी" म्हणून घाबरू नकोस. एवढ्या कमी मात्रेत ती आतड्याच्या नसा शांत करायला देतात. इंग्लंडमधल्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत आयबीएसवर तिचा उपयोग दिसला. सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, सकाळी झोप रेंगाळेल.

वरचं धोक्याचं काही नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर वहीत लिही: झोप किती, काय खाल्लं, कळ किती वाजता, शून्य ते दहात किती, संडासनंतर थांबली का. ती वही डॉक्टरांपुढे ठेव.

तुझी,
आई