स्टुडिओवाल्या काकांना, चंद्राबद्दल थँक्यू

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे आणि सूट" म्हणता, म्हणून इथे लिहितोय. तुमची मुलगी वाचून दाखवेलच.

आठवतंय ना, कोजागिरीनंतर चार दिवसांनी मी पासपोर्ट फोटो काढायला आलो होतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडगाणं सुरू केलं होतं. मावसभावाची 150-600 मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स हट्टाने मागून आणलेली, कोजागिरीला गच्चीवर अख्खी बिल्डिंग दूध पीत बसलेली आणि मी मधोमध ट्रायपॉड लावून एकदम डिस्कव्हरी चॅनलवाला असल्यासारखा उभा. सगळे म्हणाले दाखव की फोटो, दाखवला, तर काळ्या पडद्यावर पांढरी इडली. खालच्या मजल्यावरचं कार्टं म्हणालं, दादा हा बल्ब आहे का. तेव्हापासून लेन्स कपाटात.

तुम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सेटिंग बघितलं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) 3200, शटर 1/15 सेकंद उघडं, म्हणजे अंधारातलं सेटिंग, आणि हसलात. म्हणालात, "अरे, रात्र तुझ्या गच्चीवर आहे. चंद्रावर आत्ता कडकडीत ऊन पडलंय, उन्हातल्या दगडाचा फोटो असा काढतात होय?" एवढं एक वाक्य, पण डोक्यात लख्ख पडलं. मग कागदावर लिहून दिलंत, पौर्णिमेला एफ 11 (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तेवढं भोक लहान), आयएसओ 200 तर शटर 1/200, आयएसओ जेवढा तेवढंच शटर. तो कागद अजून बॅगेत आहे, मागे कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमचा हिशोब आहे, परत पाहिजे असेल तर सांगा.

आणि खरी गंमत त्याच्या पुढची. मी म्हटलं पुढच्या पौर्णिमेला परत ट्राय करतो, तर तुम्ही म्हणालात पौर्णिमा सोड. "नवरीच्या समोरून फ्लॅश मारला तर तिचं नाक दिसतं का? सपाट भाकरी होते. लाइट बाजूने पाहिजे. अष्टमीला ये." चाळीस वर्षं लग्नं काढलेला माणूसच हे असं सांगू शकतो. मी यूट्यूबवर कितीतरी व्हिडिओ बघितले होते पण सूर्य आपल्या पाठीमागे असला की चंद्रावरच्या खड्ड्यांना सावलीच पडत नाही हे नाकाच्या उदाहरणाशिवाय डोक्यात शिरलं नसतं.

दिवाळी झाल्यावर अष्टमीला तुम्ही स्वतः आलात, गुडघा दुखत असताना तीन मजले चढून, लिफ्ट बंद होती त्याबद्दल खरंच सॉरी. आल्या आल्या माझा ट्रायपॉड हलवून बघितलात, म्हणालात ही काठी कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या छोट्या 18-55 लेन्सची आहे, एवढी जड लेन्स पेलणार नाही. आणि पिशवीतून काय काढलंत तर पाच किलो शाळू! मधल्या दांड्याला पिशवी अडकवली, पाय आखूड केले, आणि ती पिशवी हलायची थांबेपर्यंत मला बटणाला हात लावू दिला नाहीत. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करायला लावलंत, दोन सेकंदांचा टायमर लावलात, फोकस रिंग मॅन्युअलवर घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहा पट झूम करून उजेड-अंधाराच्या रेघेवर आणायला सांगितलंत. रिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि अचानक खड्ड्याची कड चाकूने कापल्यासारखी झाली, मग त्या रिंगवर काळी टेप. अर्धा चंद्र पौर्णिमेइतका उजळ नसतो म्हणून एफ 8, आयएसओ 400, शटर 1/200.

तेवढ्यात चंद्र फ्रेमबाहेर. मी म्हटलं ट्रायपॉड सरकला, तुम्ही म्हणालात पृथ्वी सरकली, दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो.

पहिले पन्नासेक फोटो तरी गेलेच. सगळे पाण्यातून बघितल्यासारखे, कारण गच्चीचा स्लॅब अजून गरम होता आणि मळ्याकडून पाचट जाळल्याचा धूर. तुम्ही खुर्ची टाकून बसलात, म्हणालात थांब, स्लॅब निवू दे. आईने दोनदा चहा आणला. साडेआठच्या सुमाराला जे आले ते आले.

मधोमध तीन खड्डे एकाखाली एक ओळीत, तुम्ही विचारलंत नावं काय, मला येत नव्हती. घरी शोधली, टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाशेल. वरचा टॉलेमियस दीडशे किलोमीटर रुंद आहे काका, सांगलीपासून साताऱ्यापर्यंतचं सगळं त्यात मावेल. आणि 600 च्या लेन्समध्येसुद्धा अख्खा चंद्र कॅमेऱ्यातल्या चिपवर, म्हणजे सेन्सरवर, जेमतेम साडेपाच मिलिमीटर पडतो, म्हणजे तिथे हा खड्डा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. तरी दिसला की हो.

तुम्ही त्याची प्रिंट काढून पासपोर्टच्या नमुन्यांशेजारी लावलीय आणि गिऱ्हाइकाला "आमच्या पोराने काढलाय" म्हणून सांगता हे मला कळलंय. मी काही बोललो नाही, पण तुमच्या दुकानावरून जाताना हल्ली गाडी जरा हळू करतो.

पुढच्या महिन्यात दशमीला कोपर्निकस नावाचा खड्डा काढायचाय, लिफ्ट चालू झालीय. शाळूची पिशवी माझ्याकडेच राहिलीय, काकूंना भाकरीला कमी पडत असेल तर फोन करा, तेवढ्यापुरता वीट बांधीन.