डिस्चार्ज दिला, मग ‘नो डिस्चार्ज’ कसं?

तीर्थरूप आई-नानांस,
साष्टांग नमस्कार.

नाना, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्याने दिलेलं कार्ड वाचून काल फोनवर तुम्ही एकच धरून बसलात, ‘वर डिस्चार्ज, खाली नो डिस्चार्ज. सोडलं का नाही सोडलं?’ मी हसले, ते चुकलंच. तुम्ही रात्रभर घोर लावून घेतला असणार. म्हणून नीट लिहिते.

वरचा डिस्चार्ज आईचा, म्हणजे दवाखान्यातून सुट्टी. खालचा जखमेचा. टाक्यांतून पाणी, लस, पू काही येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. अख्ख्या कार्डात तीच सगळ्यात चांगली ओळ आहे.

चार्ज म्हणजे मुळात गाडीत भरलेला माल. लॅटिनमध्ये गाडीला ‘कारुस’ म्हणत, त्यावरून आलाय. डिस्चार्ज म्हणजे गाडी खाली करणं. हे धरलं की बाकीचं आपोआप लागतं. आणि खरं तर हा शब्द माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त वापरता. नदीवरच्या मोटरचा डिस्चार्ज, म्हणजे पाण्याची धार, कमी झाला म्हणून कुरकुरता तो हाच. 200 लिटरचा ड्रम लावा, घड्याळ बघा. 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला 5 लिटर, ठीक आहे. मिनिटाच्या वर गेला तर आधी फुटव्हॉल्व्हची जाळी कचऱ्याने बुजलीय का बघा, मग सक्शनच्या जोडातून हवा घेतेय का, मग व्होल्टेज. पण हे दिवसा. रात्रीच्या लाइटीत नदीवर एकटं जायचं नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की बातमीत डिस्चार्ज क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, म्हणजे आपल्यासारख्या पाच मोटरींपेक्षा जास्त. तिथे हजारो क्युसेक सोडतात. आकडा ऐकला की मोटर काढायला धावू नका. गेली तर गेली.

बँकेत ठेव मोडताना पावतीमागे सही घेतात, तोही डिस्चार्जच. पैसे मिळाले, बँकेवरचं ओझं उतरलं, असं तुम्ही लिहून देता. तेव्हा रक्कम समजून घेतल्याशिवाय मागे सही केलेली पावती कोणाच्या हातात द्यायची नाही. भाचेजावई असले तरी.

आता रागावू नका. टाके निघाले की आईला सहा आठवडे इकडे आणायचं मी ठरवलंय. गाडी सांगून ठेवली. तुम्हाला आईचं करता येत नाही असं नाही हो. तुमच्याइतकं तिला कोण सांभाळतं! पण आपली न्हाणी अंगणापलीकडे, मध्ये दोन पायऱ्या, संडास खाली बसायचा. नव्या गुडघ्याला ते झेपणार नाही. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, व्यायाम करून घ्यायला बाई घरी येते. खाट उंच करून घेतलीय, बसल्यावर गुडघा कमरेच्या खाली राहील इतकी. सकाळी ऊन येतं त्याच खिडकीशी लावलीय. नाना, कापणी आटोपली की तुम्हीही या. तोवर मी रोज दोन्ही वेळा फोन करीन.

आई, पडून आले की तू माझ्या गुडघ्यावर हळद दाबायचीस आणि फुंकर घालायचीस. तुझ्या गुडघ्याला मात्र हळद लावायची नाही, तेलही नाही. पट्टी कोरडी ठेव. पहिले दोन-तीन दिवस गुलाबी पातळ डाग दिसला तर घाबरू नको. नंतर ओल वाढली, पिवळं-हिरवं आलं, वास आला, भोवती लाल-गरम झालं किंवा ताप 100.4 च्या वर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या बघू नाही. पोटरी सुजून दुखली तरी तेच. आणि धाप लागली तर क्षणभरही थांबायचं नाही.

रात्री वॉकर घेऊन उठताना उजेड पाहिजे, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी बघा. हा शेवटचा डिस्चार्ज, बॅटरी उतरण्याचा. चार्जिंग बंद करून दोन-तीन तासांनी मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 च्या खाली म्हणजे संपलीच. तशीच पडू दिली की पाट्यांवर सल्फेट बसतं, मग चार्ज धरत नाही. पाणी दोन खुणांच्या मध्ये, आणि डिस्टिल्डच. विहिरीचं घालू नका, त्यातले क्षार बॅटरी खातात.

येताना कळण्याचं पीठ चार किलो दळून आणा. इथला गिरणीवाला ज्वारीत उडीद घालायला तयार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. कार्ड लॅमिनेट करू नका, टाके काढतील तेव्हा डॉक्टर त्यावरच लिहितील.