गोधडी उन्हात घातली आहे

चिऊ,

परवा फोन मीच आपटला. परतीच्या तिकिटाचं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. चुकलं माझं.

तू पाठवलेले कॅस्केड्सचे, तिथल्या बायकांच्या जुन्या तुरुंगाचे फोटो रात्री पुन्हा काढले आणि वाचत बसले. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की सावरकर आठवतात. या कैदी बायका तर बहुतेक मोलकरणी. कुणी मालकिणीचं कापड उचललं, कुणी चमचे. तेवढ्यावर सात वर्षं, इंग्लंडहून थेट ऑस्ट्रेलियात, तुझ्या होबार्टला. तिसरीत तू रिबीन उचलली होतीस, आठवतं? मी हाताला धरून परत करायला नेलं. तू रस्ताभर रडलीस आणि दुकानदारानं वर लिमलेटची गोळी दिली.

सात वर्षं म्हणे कागदावर. शिक्षा संपली की काही पुरुष खलाशी होऊन तरी परतायचे. बायकांना ती सोय नाही, भाड्याला पैसेही नाहीत. बहुतेक जणी तिकडच्याच झाल्या. (तिकिटाबद्दल बोलत नाहीये.)

ती जागा आधी दारूची भट्टी होती ना? डोंगराच्या सावलीत, ओढ्याकाठी, ओलीगच्च. कितीतरी तान्ही मुलं गेली तिथे. तुझी खोली तिथून किती लांब? हीटर लावत जा. बिलाचा विचार करू नकोस. आणि त्या पीआरच्या, तिकडेच कायम राहण्याच्या कागदांवर सही करण्याआधी नोकरी पक्की आहे का बघ, एकटीनं कर्ज काढू नकोस, शिवाय... सुरू झाले बघ मी. सोड. स्कॉलरशिपचे पेढे अख्ख्या आळीत मीच वाटले होते.

एक मात्र सांगायचंच आहे. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० जणी तुझ्या त्या गावाला गेल्या. तीन महिन्यांचा प्रवास. कैदी बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या मंडळातल्या बायकांनी सुया, दोरे, चिंध्या दिल्या होत्या. त्यातून वाटेत गोधडी झाली, २,८१५ तुकड्यांची! आता ती कॅनबेराच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर मंडळाच्या बायकांचे आभार भरलेत. शिवणाऱ्यांपैकी एकीचंही नाव नाही. याचा मला फार राग आला. आपल्या आजीच्या गोधडीवर तरी कुठे नाव आहे म्हणा. पण तिचे टाके मी अंधारात ओळखीन, आणि मधले तिरके माझे, कारण तू मांडीवर होतीस.

ती धुऊन उन्हात घातली आहे. बाबा म्हणतात, कुरिअरनं पाठव, पोरगी गारठली असेल. मी अजून बांधलेली नाही.

तुझी,
आई