लॅपटॉपचा आवाज

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

लॅपटॉपचा आवाज कमी येतो म्हणून लगेच दुकानात जाऊ नका. आधी तो गादीवरून उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवा. त्याचे स्पीकर पोटाशी, पुढच्या कडेखाली आहेत. आवाज खाली जातो आणि टणक टेबलावर आपटून वर येतो. गोधडीवर ठेवला की गोधडीतच मुरतो. जाळीत धूळ असेल तर लॅपटॉप बंद करून कोरड्या, मऊ टूथब्रशने झाडा. ओलं फडकं नको, आणि टाचणी तर मुळीच नको, आतला पातळ पडदा फाटतो.

मग आवाजाचे नळ बघा. ते तीन आहेत: कीबोर्डवरचा, यूट्यूबच्या चित्राखालचा आणि व्हॉल्यूम मिक्सरमधला. तिसरा कुणाच्या ध्यानातच येत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, त्यावर राइट क्लिक केलं की तो सापडतो. तिथे क्रोमची पट्टी १०० वर हवी.

खरा फरक पडेल तो पुढच्या गोष्टीने. बाबा, हे तुम्ही करा. विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर. 'प्लेबॅक'मध्ये 'स्पीकर्स'वर डबल क्लिक, मग 'एन्हान्समेंट्स', आणि 'लाउडनेस इक्वलायझेशन'समोर टिकमार्क. शेवटी 'अप्लाय' विसरू नका. कीर्तनकार हळू बोलले की ऐकू येत नाही आणि टाळ-मृदंग सुरू झाले की कान किटतात, ते याने सावरतं, कारण हळू आवाज वर उचलला जातो. गाणं ऐकताना मात्र टिक काढा, आलापातला चढउतार सपाट होतो. सगळ्याच लॅपटॉपवर ही सोय नसते; आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा आतला प्रोग्राम, कोणता आहे त्यावर ते ठरतं.

पेनड्राइव्हवरचं कीर्तन व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावलंत तर तिथली पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते. आवाज चिरकायला लागला की मागे या. आवाज वाढवून देणारी क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकू नका, त्यांतली बरीच तुम्ही उघडलेली प्रत्येक साइट वाचायची परवानगी मागतात. त्याच क्रोममध्ये तुमची बँक उघडता.

आई, तुला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, असं होतं का? वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि स, श, फ यांची ओळख त्यांतच असते. मग नुसता आवाज वाढवून उपयोग नाही. कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. एकाच कानाने कमी येत असेल तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ इथे 'मोनो ऑडिओ' चालू कर, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं चांगल्या कानालाही मिळेल.

एवढं करूनही भागलं नाही तर बाहेरचा स्पीकर घेऊ. पण नुसत्या यूएसबीवर चालणारा नको. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम अडीच वॅट मिळतात. वीज भिंतीतल्या प्लगवरून घेणारा घ्या, आणि त्याची आवाजाची वायर गोल पिनची, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात बसणारी हवी.

तुमची लेक