रशियन शिकू पाहणाऱ्या मुलांना अठरा वर्षांची अट कशासाठी?

माननीय संपादक,

माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने रशियन शिकायची इच्छा बोलून दाखवली आणि आम्ही वर्गाची चौकशी केली, तेव्हा ‘अठरा पूर्ण झाल्यावर या’ असे उत्तर मिळाले. ज्या वयात कान तल्लख असतो आणि पाठांतराचा कंटाळा नसतो, ती तीन वर्षे वाट पाहण्यात घालवावीत, हे मला पटत नाही.

ही भाषा अवघड असल्याचा धाक लिपीपासूनच घातला जातो. प्रत्यक्षात रशियनच्या सिरिलिक लिपीत 33 अक्षरे आहेत, आणि बाराखडी व जोडाक्षरे गिरवलेल्या मुलाला ती दोन-तीन आठवड्यांत वाचता येऊ लागतात. गोंधळ होतो तो इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा, कारण इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर तिथे ‘र’ असते आणि ‘एच’सारखे दिसणारे ‘न’. हाताने लिहिण्याचे वळणही छापील अक्षरांपेक्षा बरेच निराळे असल्याने पहिल्या दिवसापासून वहीत लिहिण्याचा सराव हवा. नुसत्या मोबाइल ॲपवर तो होत नाही.

मराठी मुलांना आपल्या भाषेचा मोठा आधार आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही याची खंत वाटते. रशियनमध्येही तीन लिंगे आहेत, आणि ‘तो वाचत होता, ती वाचत होती’ असे क्रियापदाचे रूप भूतकाळात तिथेही बदलते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो, तर रशियनमध्ये त्यांच्याशी मिळत्याजुळत्या ध्वनींसाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. विभक्ती सहा आहेत. शाळेत संस्कृतची रूपे पाठ केलेल्याला त्यांचे भय वाटू नये.

खरी अडचण आघाताची आहे. एकाच प्रकारे लिहिलेला शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘किल्ला’ होतो आणि दुसऱ्यावर दिला तर ‘कुलूप’, आणि एरवीच्या छापील मजकुरात ही खूण दिलेली नसते. म्हणून आघातचिन्हे असलेले प्राथमिक पुस्तक, त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रित पाठ आणि आठवड्यातून एकदा उच्चार तपासणारे माणूस, एवढे तरी मिळायलाच हवे. पहिल्या दोन गोष्टी मिळवता येतात. मॉस्कोच्या पुश्किन रशियन भाषा संस्थेचे ऑनलाइन पाठही आहेत. चुकलेला उच्चार तिथल्या तिथे दुरुस्त करणारे माणूस मात्र घरबसल्या सापडत नाही.

तेव्हा ज्या विद्यापीठांत रशियनचे विभाग आहेत, त्यांनी शाळकरी मुलांसाठी आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, ही विनंती. प्रमाणपत्र नसले तरी चालेल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी हा तास घेतला, तर त्यांनाही शिकवण्याचा अनुभव मिळेल.

– एक पालक